नाव इंग्रजी, बांधणी कुवेती : डिक्सन हाऊस

कुवेत शहराच्या उत्तर कडेने, समुद्राला लागून, अरेबियन गल्फ स्ट्रीट जातो. सीफ राजवाड्याकडून कुवेत टॉवर्सच्या दिशेने निघाले की डाव्या हाताला पाणी असते आणि उजव्या हाताला काचेच्या उंच इमारती. त्याच बाजूला मध्येच एक दुमजली घर लागते. भिंती पांढऱ्या, दारे-खिडक्या निळ्या, वरच्या मजल्यावर समुद्राकडे उघडणारा व्हरांडा. कुवेतमध्ये या वास्तूला ‘बैत डिक्सन’ म्हणतात. नकाशावर आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ती ‘डिक्सन हाऊस’ असते.

सुमारे 1870 मध्ये एका कुवेती व्यापाऱ्यासाठी हे घर बांधले गेले. 1904 पासून इथे ब्रिटिशांची पॉलिटिकल एजन्सी होती. 1929 मध्ये हॅरॉल्ड डिक्सन हे एजंट म्हणून पत्नी व्हायोलेट यांच्यासह राहायला आले. हॅरॉल्ड 1959 मध्ये वारले. व्हायोलेट मात्र 1990 पर्यंत याच घरात राहिल्या. या साऱ्यामुळे घराची ओळख ‘कुवेतमधले इंग्रजांचे घर’ अशी झाली. एका अर्थी ती खरीही आहे. पण भिंती, छत, दारे आणि अंगणे नीट पाहिली तर वेगळीच हकिकत समोर येते. ही वास्तू बांधणीने पूर्ण कुवेती आहे. तिचे लाकूड, बांबू आणि बोरू हिंदी महासागराच्या व्यापारातून आले. आणि तिच्यातला ब्रिटिश कारभार लंडनपेक्षा हिंदुस्थानशी अधिक जवळून बांधलेला होता.

इंग्लंडमधले जमीनदारी घर कसे असते, हे आधी पाहिले तर या घराचे वेगळेपण नेमके कळते. डर्बीशायरमधला हार्डविक हॉल हे त्याचे ठळक उदाहरण. बेस ऑफ हार्डविक या धनाढ्य सरदारणीने तो 1590 च्या दशकात बांधला. त्याचा आराखडा रॉबर्ट स्मिथसन यांचा मानला जातो. टेकडीवरच्या या वाड्याच्या दर्शनी बाजूला भिंतीपेक्षा काचच जास्त दिसते, आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा मोठ्या आहेत. त्या काळी काच महाग होती, म्हणून खिडक्यांवरून मालकिणीची श्रीमंती दुरूनच मोजता यायची. पण त्यामागे हवामानही होते. इंग्लंडमध्ये ऊन दुर्मीळ, हिवाळा लांब आणि ओलसर. घराने ऊन आत घ्यायचे, प्रत्येक दालनात शेकोटी पेटती ठेवायची, पावसात बाहेर पडता येत नसेल तेव्हा फेऱ्या मारायला लांबलचक दालन ठेवायचे आणि खिडकीतून आपल्याच जमिनीचा हिरवा पसारा न्याहाळायचा. त्या घरांचे तोंड बाहेरच्या जगाकडे असते.

कुवेतच्या घरापुढचा प्रश्न याच्या नेमका उलटा. देशाच्या वायव्येकडच्या मित्रिबा या ठिकाणी 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केले. वर्षाकाठी पाऊस सरासरी सव्वाशे मिलिमीटरही पडत नाही आणि जो पडतो तो हिवाळ्याच्या काही दिवसांत. उन्हाळ्यात वायव्येकडून ‘शमाल’ वारा वाहतो. तो कधी दिलासा देतो, तर कधी धुळीने आकाश भरून टाकतो. इथल्या घराला ऊन बाहेर ठेवायचे असते, धूळ अडवायची असते, वाऱ्याला मात्र वाट द्यायची असते. आणि घरातल्या बायकामाणसांचा वावर रस्त्यावरून दिसू नये, ही समाजाची अपेक्षाही पाळायची असते. या सगळ्या मागण्यांना जुन्या कुवेतने मिळून एकच उत्तर दिले. ते म्हणजे बाहेरून जवळजवळ बंद आणि आतून मोकळे घर.

या घराचा मध्य म्हणजे ‘होश’, आपल्याकडचा चौक. खोल्या चौकाभोवती ओळीने येतात आणि त्यांची दारे-खिडक्या चौकातच उघडतात. खोल्यांसमोर छप्पर टाकलेली पडवी असते, तिला ‘लिवान’ म्हणतात. दिवसभर पडवीची सावली खोलीच्या भिंतीवर पडत राहते. रात्री चौकातली हवा निवते, जड होऊन खाली बसते आणि सकाळचे काही तास खोल्यांमध्ये गारवा टिकतो. थोड्या ऐपतीच्या कुटुंबात एकापेक्षा अधिक चौक असत. बाहेरचा चौक पुरुष पाहुण्यांचा. त्याला लागून ‘दिवाणिया’ म्हणजे बैठकीची खोली. आतला चौक घरच्यांचा. स्वयंपाकघर आणि जनावरे यांचीही कधी स्वतंत्र अंगणे असत. रस्त्यावरून आत येणारी वाट सरळ नसे, ती वळण घेऊन येई. त्यामुळे दार उघडे असले तरी आतले काही दिसत नसे.

मुख्य दार सागवानी, दोन भक्कम फळ्यांचे, मोठ्या डोक्याच्या खिळ्यांनी सजवलेले. एका फळीत माणसाला वाकून जाता येईल एवढे छोटे दार. कुवेतमध्ये अशा दाराला ‘अबू खोखा’ म्हणतात. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटेल, कारण ती सरळसरळ दिंडी आहे. रोजची ये-जा दिंडीतून होई. मोठे दार उघडे ते सामानासाठी, जनावरांसाठी किंवा समारंभासाठी.

भिंतींचा दगड समुद्रातला. कुवेतच्या किनाऱ्याला उथळ पाण्यात प्रवाळयुक्त खडक मिळतो. शहराच्या पश्चिमेच्या उशैरिज भागातून तो होड्यांनी आणला जाई. हा दगड हलका, सच्छिद्र आणि ओबडधोबड. तो चिखलात रचून जाड भिंत उभी करायची आणि वर जिप्सम भाजून केलेल्या ‘जुस’चा पांढरा गिलावा द्यायचा. ज्यांना समुद्राचा दगड परवडत नसे ते मातीच्या विटा वापरत. सच्छिद्र दगड आणि जाड माती यांचे मिश्रण उष्णतेला सावकाश आत येऊ देते. बाहेरचे दुपारचे ऊन भिंत ओलांडून आतल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचेतो संध्याकाळ झालेली असते, आणि तोवर माणसे खोली सोडून गच्चीवर गेलेली असतात. पांढरा गिलावा बरेचसे ऊन परतवूनच लावतो. या दगडाचा एक मोठा दोष म्हणजे त्यात मुरलेले मीठ. दमट हवेत ते ओल धरते, कोरड्या हवेत स्फटिक होऊन बाहेर येते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे अशा घराची डागडुजी कधीच संपत नाही.

दिशेच्या बाबतीत मात्र कुवेत शहराला निसर्गाचा मोठा लाभ मिळाला आहे. हे शहर कुवेतच्या आखाताच्या दक्षिण काठावर वसले, म्हणून त्याचा समुद्र उत्तरेला आहे. किनाऱ्यावरच्या घराने समुद्राकडे तोंड केले की ते आपोआप उत्तराभिमुख होते. दर्शनी भागावर कडक ऊन येत नाही आणि वायव्येचा वारा पाण्यावरून येऊन थेट घरात शिरतो. इंग्लंडमध्ये घराची मानाची बाजू बहुधा दक्षिणेला ठेवतात, कारण तिकडून ऊन येते. कुवेतच्या किनाऱ्यावर उत्तरेकडच्या बाजूलाच मान मिळाला. शिवाय इथल्या व्यापाऱ्याची सारी दौलत पाण्यावर होती. त्याची गलबते घरासमोरच्या धक्क्यांवर, ‘निग’आ’मध्ये, नांगरलेली असत. समुद्राकडच्या खिडकीत उभे राहून तो वारा घेई आणि आपल्या मालावर नजरही ठेवी.

आता छताकडे पाहू. या वास्तुशैलीतला सर्वांत बोलका भाग तोच आहे.

जुन्या कुवेती खोलीत उभे राहून वर पाहिले की गोल, किंचित वाकड्या, काळपट तपकिरी कड्यांची ओळ दिसते. हे ‘चंदल’, म्हणजे खारफुटीचे सरळ सोट. कुवेतच्या आसपास बांधकामाच्या लाकडाचे जंगलच नाही. हे सोट पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लामू आणि रुफिजी नदीच्या मुखाकडल्या खारफुटीतून येत. कड्यांवर आडव्या-तिडव्या बांबूच्या कामट्या, त्यांना ‘बास्जील’ म्हणतात. अनेक खोल्यांत त्या चौकटीच्या नक्षीत बसवून रंगवलेल्या असतात. बांबू हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून येई. कामट्यांवर बोरूच्या चटया, त्या दक्षिण इराकच्या दलदलीतल्या. आणि सर्वांत वर भुसा मिसळलेल्या मातीचा जाड थर, चोपून, हलका उतार देऊन बसवलेला. एकाच छतात तीन किनाऱ्यांचे सामान एकावर एक रचलेले असते आणि त्यांना झाकणारी माती तेवढी कुवेतची.

मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या वाचकाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. आपले माळवद याच तत्त्वावर उभे असते. कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि मग पांढऱ्या मातीचा थर. कमी पावसाच्या, कडक उन्हाच्या दोन्ही प्रदेशांत लोक सपाट मातीच्या छताकडे वळले. दोन्हीकडे उन्हाळ्याच्या रात्री माणसे त्या छतावर झोपली, आणि दोन्हीकडे पावसाआधी माती पुन्हा चोपून घेण्याचे काम घरोघर ठरलेले असे. कुवेतमध्ये गच्चीला माणसाच्या उंचीपर्यंतची कठड्याची भिंत असते, कारण रात्री सारे कुटुंब तिथेच असे आणि शेजाऱ्याची नजर पडायला नको असे.

चंदलने घराचा आकारही ठरवला. तो सोट साधारण तीन मीटर, फार तर थोडा अधिक अंतर पेलतो. म्हणून खोलीची रुंदी तेवढीच राहते. मोठी खोली हवी असेल तर ती लांबीने वाढवायची. जुन्या कुवेती घरांतल्या खोल्या अरुंद आणि लांबट का, याचे उत्तर आफ्रिकेतल्या खारफुटीच्या उंचीत आहे. वास्तूच्या आराखड्यावर इतक्या दूरच्या झाडाची सत्ता चालावी, हे समजले की ती खोली वेगळीच वाटू लागते.

हे लाकूड कसे येई, याचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियन खलाशी आणि लेखक ॲलन व्हिलियर्स 1938-39 मध्ये अली बिन नासिर अल-नज्दी या नाखव्याच्या कुवेती ‘बूम’ गलबतावर चढले. एडनहून निघून, आफ्रिकेच्या किनाऱ्याने रुफिजीपर्यंत उतरून, तिथल्या चिखलात खारफुटीचे सोट भरून ते गलबत पुन्हा आखाताकडे परतले. व्हिलियर्स यांनी 1940 मध्ये या सफरीवर पुस्तक प्रसिद्ध केले. आखाती शिडाच्या जहाजांच्या शेवटच्या पर्वाची ती मोलाची नोंद मानली जाते.

दुसरा मोठा मार्ग हिंदुस्थानचा. बसऱ्याचे खजूर भरून कुवेती गलबते कराची, पोरबंदर, मुंबई, मंगळूर आणि कालिकतपर्यंत येत. परतताना मलबारचे सागवान, तांदूळ, मसाले, कापड, सुंभ नेत. कालिकतजवळच्या बेपूरच्या लाकडावर कुवेतची दारे, खिडक्या आणि खुद्द गलबते उभी राहिली. मुंबईत कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. आखातातले मोती मुंबईच्या मोती बाजारात विकले जात आणि अरबी घोड्यांच्या व्यापारासाठी भायखळ्याचे तबेले प्रसिद्ध होते. अल-इब्राहिमसारखी कुवेती घराणी मोत्यांच्या पैशावर मुंबईत मोठी झाली. कुवेतमध्ये चलन होते हिंदुस्थानी रुपयाचे, आणि ते थेट 1961 पर्यंत चालले. शेवटची दोन वर्षे खास आखातासाठी छापलेल्या रुपयांची होती.

ब्रिटिश या व्यापाराच्याच वाटेने कुवेतमध्ये आले. आखातातला त्यांचा मुख्य अधिकारी इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसे. 1873 पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. 23 जानेवारी 1899 रोजी कुवेतचे शासक शेख मुबारक अल-सबाह यांनी ब्रिटिशांशी गुप्त करार केला. ब्रिटिशांच्या संमतीशिवाय परक्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवायचा नाही आणि जमीन द्यायची नाही, असे त्यात कबूल केले होते. बदल्यात शेखना मिळालेली रक्कम 15,000 रुपये होती. 1903 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन कुवेतला येऊन गेले आणि 1904 मध्ये कॅप्टन स्टुअर्ट नॉक्स पहिले पॉलिटिकल एजंट म्हणून दाखल झाले.

नॉक्स यांनी नवी इमारत उभारली नाही. समुद्राकाठचे एका व्यापाऱ्याचे तयार घर एजन्सीसाठी घेतले. हाच या वास्तूच्या इतिहासातला कळीचा क्षण. जिथे ब्रिटिशांनी स्वतःच्या नकाशाप्रमाणे इमारती बांधल्या तिथे त्यांनी आपली सवय जागेवर लादली. इथे उलट झाले. व्यापाऱ्याच्या घरात आधीच असलेली विभागणी त्यांना उपयोगी पडली. पुरुषांच्या बाहेरच्या चौकाभोवती कचेरी आणि भेटीगाठी, घरच्यांच्या आतल्या भागात एजंटाचे कुटुंब. अरब घरातली सार्वजनिक आणि खाजगी यांमधली रेष साहेबाच्या कचेरी आणि बंगल्यामधली रेष बनली.

बदल झाले ते मुख्यतः वरच्या मजल्यावर आणि समुद्राच्या बाजूला. तिथे घर बाहेर पाहू लागले. खिडक्या मोठ्या झाल्या, झडपा आल्या, बसायला व्हरांडा आला. ही इंग्लंडची लकब नव्हती. इंग्लंडच्या थंडीत असा व्हरांडा काय कामाचा? ही होती हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या बंगल्यांची, पुण्याच्या कॅम्पातल्या किंवा महाबळेश्वरच्या घरांची शिकवण. इथे येणारे अधिकारी बहुतेक हिंदी सैन्यातले किंवा राजकीय खात्यातले होते आणि उष्ण देशात कसे राहावे हे ते हिंदुस्थानात शिकले होते. एजन्सीच्या सेवेत हिंदुस्थानी कारकून आणि हिंदुस्थानी डॉक्टरही होते. जानेवारी 1915 मध्ये कुवेतला टपाल कार्यालय सुरू झाले तेही हिंदुस्थानी टपाल खात्याचे, हिंदुस्थानी तिकिटांसह.

नॉक्सनंतर 1909 मध्ये आलेले कॅप्टन विल्यम शेक्सपिअर हे या घराचे सर्वांत प्रसिद्ध रहिवासी ठरले असते, जर ते अधिक जगले असते. पंजाबात जन्मलेला हा अधिकारी फोटोग्राफीचा नादी होता. 1910 मध्ये अब्दुलअझीझ इब्न सऊद कुवेतला आले असता त्याने त्यांची छायाचित्रे घेतली. सौदी अरेबियाच्या भावी संस्थापकाची ती पहिली छायाचित्रे मानली जातात. 1914 मध्ये तो कुवेतहून निघून रियाधमार्गे वाळवंट ओलांडत सुएझला पोहोचला. पुढच्याच वर्षी जानेवारीत जर्राबच्या लढाईत, इब्न सऊद यांच्या फौजेसोबत असताना, तो मारला गेला.

या घराला ज्यांचे नाव मिळाले ते डिक्सन दांपत्य 1929 मध्ये आले. हॅरॉल्ड यांचा जन्म 1881 चा, बैरूतचा. लहानपण अरबी बोलणाऱ्यांत गेले. पुढे ते हिंदी सैन्यात गेले आणि काही काळ बिकानेर संस्थानातही होते. व्हायोलेट या लिंकनशायरमधल्या गॉटबी गावच्या, जन्म 1896 चा. दोघांची भेट फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात झाली आणि 1920 मध्ये लग्न झाले ते मुंबईत. कुवेतच्या सर्वांत ओळखीच्या इंग्रज कुटुंबाचा संसार अशा रीतीने मुंबईहून सुरू झाला.

इंग्लिश ग्रामीण घराचा एक विशेष या घरात नव्याने रुजला. तिकडच्या जमीनदाराच्या दारी कुळे, शेतकरी, पाहुणे गाऱ्हाणी घेऊन येत. डिक्सन यांच्या दारी बेदुइन शेख, मोत्यांचे पाणबुडे, व्यापारी, नाखवे येत आणि कॉफी घेत बसत. त्या बैठकींतून हॅरॉल्ड यांनी वाळवंटातल्या जमातींच्या चालीरीतींवर मोठी टिपणे जमवली. त्यांतून 1949 आणि 1956 मध्ये दोन जाडजूड ग्रंथ झाले. व्हायोलेट स्त्रियांच्या अंगणांत जात, तंबूंत राहत. हॅरॉल्ड जाऊ शकत नव्हते तिथे त्यांना प्रवेश होता. मुलाच्या नावात सऊद होते, म्हणून लोक त्यांना ‘उम्म सऊद’ म्हणत. वाळवंटातली फुले, झुडपे गोळा करून त्या लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाकडे पाठवत. त्यांतल्या एका जांभळ्या फुलाच्या वनस्पतीला शास्त्रज्ञांनी त्यांच्यावरून ‘हॉर्वूडिया डिक्सोनी’ हे नाव दिले. 1955 मध्ये त्यांचे कुवेत आणि बहरीनच्या रानफुलांवरचे पुस्तक निघाले.

1934 च्या हिवाळ्याने जुन्या कुवेतला दोन धक्के दिले. त्या वर्षी इतका मुसळधार पाऊस पडला की मातीची घरे मोठ्या संख्येने कोसळली. कुवेती लोक त्या वर्षाला ‘सनत अल-हदामा’, म्हणजे पडझडीचे वर्ष, म्हणून ओळखतात. मातीचे छत कमी पावसावर बेतलेले असते. सलग पावसात ते पाणी शोषून जड होते, कड्या वाकतात आणि भिंतींचा चिखल विरघळतो. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणाऱ्या लाकडी पन्हाळ्या, ‘मर्झाम’, असल्या तरी त्यांचीही मर्यादा असते. आणि त्याच हिवाळ्यात, 23 डिसेंबर 1934 रोजी, तेव्हाचे शासक शेख अहमद अल-जाबिर यांनी कुवेत ऑइल कंपनीला तेलाचा परवाना दिला. त्या वाटाघाटींच्या काळात एजंट होते हॅरॉल्ड डिक्सन.

पावसाने मातीवरचा विश्वास उडाला आणि तेलाने सिमेंटसाठी पैसा आणला. डिक्सन हाऊसपासून फार दूर नसलेले सदू हाऊस 1936 मध्ये पुन्हा बांधले गेले आणि ते कुवेतमध्ये काँक्रीट वापरलेल्या सुरुवातीच्या घरांपैकी एक आहे. आता तिथे बेदुइन स्त्रियांची ‘सदू’ ही विणकामाची कला जपली जाते. तिचा 2020 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला. त्याच्या शेजारचे बैत अल-बद्र एकोणिसाव्या शतकातले, जुन्या पद्धतीचे. ही दोन घरे शेजारी पाहिली तर स्थित्यंतर कसे घडले ते दिसते. नव्या घराने चौक आणि खोल्यांची मांडणी जुनीच ठेवली, फक्त भिंतींचा गाभा बदलला. साहित्य आधी बदलते, राहण्याची पद्धत मागाहून.

एजन्सी 1930 च्या दशकाच्या मध्यात पूर्वेकडे नव्या इमारतीत गेली. आजचा ब्रिटिश दूतावास त्याच जागी आहे. हॅरॉल्ड 1936 मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त होऊन तेल कंपनीचे प्रतिनिधी झाले. जुन्या एजन्सीची वास्तू आता त्यांचे घर होती. 22 फेब्रुवारी 1938 रोजी बुर्गानला तेल लागले. युद्धामुळे निर्यात लांबली आणि 1946 मध्ये पहिले जहाज निघाले.

त्यानंतर शहर इतक्या वेगाने बदलले की त्याची कल्पना करणे कठीण. 1952 मध्ये मिनोप्रिओ, स्पेन्सली आणि मॅकफार्लेन या ब्रिटिश नगररचनाकारांनी नवा आराखडा दिला. सरकारने जुन्या वस्तीतली घरे भरघोस मोबदला देऊन विकत घेतली आणि पाडली. 1920 मध्ये शहराच्या रक्षणासाठी नागरिकांनी स्वतः उभारलेली मातीची तटबंदी 1957 मध्ये उतरवली गेली. तिच्या वेशी तेवढ्या राहिल्या आणि तटाच्या रेषेवरून वळसा घालून रस्ता गेला. कुटुंबे बाहेरच्या नव्या उपनगरांत बंगल्यांत गेली. तिथे मोकळ्या जागेच्या मध्ये घर आणि भोवती कुंपण होते. म्हणजे युरोपीय मांडणी. चौक गेला, जाड भिंत गेली. त्यांचे काम विजेवर चालणाऱ्या वातानुकूलन यंत्रांकडे आले.

या पाडापाडीत मातीच्या शेकडो घरांबरोबर उस्तादांचे, म्हणजे जुन्या गवंड्यांचे, ज्ञानही हरवत गेले. डिक्सन हाऊस मात्र वाचले, कारण त्यात कोणीतरी राहत होते. हॅरॉल्ड गेल्यावर व्हायोलेट इंग्लंडला परतल्या नाहीत. 1976 मध्ये त्यांना ब्रिटनचा ‘डेम’ हा किताब मिळाला. तेव्हाही त्यांचा पत्ता हाच होता. वरच्या व्हरांड्यात त्या पाहुण्यांना चहा देत आणि समोर शिडाची गलबते जाऊन तेलवाहू जहाजे येताना त्यांनी पाहिली. राहत्या घराचा गिलावा दर काही वर्षांनी नवा होतो, छत गळू लागले की लगेच समजते. रिकामे घर मात्र मीठ आणि ओल काही पावसाळ्यांतच खाऊन टाकतात. आज या वास्तूत चंदलचे छत पाहायला मिळते त्यामागे जतन मोहिमेइतकाच एका बाईच्या मुक्कामाचा वाटा आहे.

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. नव्वदीच्या व्हायोलेट यांना त्या वर्षी घर सोडून इंग्लंडला जावे लागले. त्याच महिन्यांत एअर इंडियाच्या 488 उड्डाणांनी सुमारे 1,70,000 भारतीयांना अम्मानहून मुंबईला आणले. त्यांत कुवेतच्या रुग्णालयांत, बँकांत, तेलक्षेत्रात काम करणारी अनेक मराठी कुटुंबे होती. युद्ध संपल्यावर त्यांतली बरीच परतली. व्हायोलेट परत येऊ शकल्या नाहीत. 4 जानेवारी 1991 रोजी, कुवेत मुक्त होण्याच्या आधीच, त्यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. घराची लूट आणि नासधूस झाली. पुढे कुवेतच्या राष्ट्रीय संस्कृती, कला आणि साहित्य परिषदेने ते दुरुस्त करून संग्रहालयाचे रूप दिले. आत डिक्सन कुटुंबाच्या वस्तू, जुनी छायाचित्रे, एजन्सीच्या काळातल्या खोल्या मांडल्या आहेत.

संग्रहालय म्हणून या घराची कहाणी साहजिकच कुवेत-ब्रिटन मैत्रीची कहाणी म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. एजन्सीचे दप्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘इंडिया ऑफिस’ या विभागात आहे, आणि आखातातल्या कारभाराची पुष्कळ कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही सापडतात. गृहिणी मुंबईला विवाह करून आली. दाराचे सागवान मलबारचे, कामट्यांचा बांबू हिंदुस्थानचा, पगार रुपयांत. कुवेतमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला या घरात परक्यासारखे वाटण्याचे काही कारण नाही. त्याच्या आधी किमान शंभर वर्षे मुंबई आणि कुवेत एकमेकांच्या घरांचे सामान पुरवत होती.

तिथे जाणाऱ्याने चार गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. पहिली, खोलीची रुंदी. पावलांनी मोजली की ती एका चंदलच्या लांबीत बसते. दुसरी, दारातली दिंडी आणि तिच्यामागचे वळण. तिसरी, चौकाकडच्या आणि समुद्राकडच्या खिडक्यांमधला फरक. चौकाकडच्या खिडक्या व्यापाऱ्याच्या घराच्या, समुद्राकडच्या एजन्सीच्या. चौथी, व्हरांड्यातला वारा. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी शमाल सुटलेला असेल तर उत्तरेकडे तोंड करून घर बांधणाऱ्या त्या कुवेती उस्तादाचा हिशेब अंगावर जाणवतो. मग तसेच पुढे सदू हाऊसपर्यंत जावे आणि तीच मांडणी काँक्रीटमध्ये उतरलेली पाहावी. जुन्या कुवेतची वास्तुकला एका दुपारी समजून घ्यायला या दोन घरांइतके जवळचे साधन शहरात दुसरे नाही.